पाव वळसा

कर्वेनगर, पुणे
३ ऑगस्ट २०२५

चि. आयुषला आत्याचा जय भीम.

फोन का केला नाही म्हणून विचारू नकोस. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस आणि मागे की-बोर्ड बडवल्याचा आवाज येत असतो. शिवाय हिंजवडीहून कर्वेनगरला माणूस पोचण्याआधी पत्र पोचतं, हा माझा अनुभव आहे. तेव्हा लिहिते आहे, आणि उत्तरही लिहूनच हवं.

गेल्या महिन्यात आलास तेव्हा माझ्या बॅटरीला फिदीफिदी हसलास. तू टॉर्च म्हण, आमच्या पिढीत तिला बॅटरीच म्हणतात. दोन थपडा खाल्ल्याशिवाय ती पेटत नाही हे मला मान्य आहे. आमच्या वॉर्डातले शिकाऊ डॉक्टरही तसेच असायचे, म्हणून त्यांना कोणी भंगारात टाकलं नाही. पण आता मलाच तिची धास्ती वाटायला लागली आहे.

कारण सांगते. दुसऱ्या मजल्यावरच्या कौशल्याबाई तुला माहीत आहेत, तुला चकल्या देतात त्या. त्यांची फुप्फुसं थकली आहेत. दिवसरात्र नाकात नळी आणि शेजारी ऑक्सिजनचं मशीन. मशीन चालतं विजेवर. वीज गेली की ते बोंबलतं आणि बंद पडतं. मग कोपऱ्यातला सिलिंडर उघडून नळी तिकडे जोडायची असते. त्यांच्या यजमानांचे, नागोरावांचे, हात इतके कापतात की त्यांना चहाचा कप धरवत नाही, सिलिंडरची किल्ली कुठून फिरवणार? मुलगा परदेशात बसून इन्व्हर्टरवर विचार करतो आहे. सोसायटीचा जनरेटर तीन मीटिंगांपासून नादुरुस्त आहे.

म्हणून आमचं ठरलेलं आहे. वीज गेली की नागोराव बाल्कनीच्या गजांवर स्टीलचं ताट वाजवतात आणि मी चौथ्या मजल्यावरून खाली जाते. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. छत्तीस पायऱ्या आहेत, आणि जिन्याला बिल्डरने एक खिडकी ठेवलेली नाही, भरदुपारीही तिथे स्वतःचा हात दिसत नाही. तीन मिनिटांच्या आत नळी जोडून झालेली असते. दोन वर्षांत एकदाही उशीर केलेला नाही.

पण हल्ली आठवड्यातून तीनदा वीज जाते, आणि प्रत्येक वेळी थपडा मारताना माझा जीव टांगणीला लागतो. ताट वाजलं नाही तरी वाजल्यासारखं वाटतं. काल कुकरची शिट्टी झाली आणि मी चप्पल घालून दारात उभी!

तू कॅम्पवाला ना? लोकांना डोंगरात नेतोस ना? मग मला एक बॅटरी निवडून दे. माझ्या सांधे धरलेल्या बोटांना जमेल अशी, आणि नळी जोडताना दोन्ही हात मोकळे राहतील अशी. तोंडात धरायची नाही, कवळी आहे.

तुझी आत्या,
चंद्रभागा


हिंजवडी
९ ऑगस्ट २०२५

आत्या, जय भीम!

पेन शोधण्यात अर्धा तास गेला. मी कागदावर लिहितोय बघून रूममेटने विचारलं, "घरी सगळं ओके ना?" पण एक कबूल करतो, तुझं पत्र मी खरंच दोनदा वाचलं.

टॉर्च हा माझा विषय आहे, त्यामुळे थोडं लेक्चर ऐकून घे. खोक्यावर मोठ्ठे आकडे छापतात, हजार लुमेन, दोन हजार लुमेन. लुमेन म्हणजे एकूण उजेड किती. पण छोट्या टॉर्चमध्ये तेवढा उजेड पाच मिनिटं टिकतो, मग ती तापते आणि स्वतःच मंद होते. तेव्हा आकड्याला भुलायचं नाही. बघायचं हे, की उजेड लांब जातो की जवळ पसरतो, किती वेळ टिकतो, आणि सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो का. इमर्जन्सीमध्ये चार्जिंग केबल शोधत बसलीस तर संपलंच.

शुभंकर, माझा मित्र, दर शनिवारी कर्वेनगरला त्याच्या मावशीकडे येतो. त्याच्याबरोबर तीन टॉर्च पाठवतोय. वापरून बघ आणि सांग. तिन्हींची झाकणं आवळलेली आहेत, पिशवीतून काढ आणि पेटव.

झाकणाचं का लिहिलं ते सांगतो. मागच्या डिसेंबरात पवनेच्या काठी कॅम्प होता. पूर्वा म्हणून एक मुलगी होती, तिची टॉर्च बॅगेतच कशाने तरी दाबली गेली आणि दिवसभर आत पेटत राहिली. संध्याकाळी काढली तर मेलेली. पोरगी अंधारात दगडावरून घसरली, पायाला सहा टाके पडले. तेव्हापासून माझा नियम आहे. पॅक करताना प्रत्येक टॉर्चचं बुडाचं झाकण पाव वळसा सैल करायचं. मग बटण कितीही दाबलं तरी ती पेटतच नाही. मुक्कामाला पोचलो की मी ओरडतो, "झाकणं आवळा रे!" सगळे माझी नक्कल करतात, पण त्यानंतर एक सेल वाया गेलेला नाही. आता तर सवयच झालीये, माझा हात आपोआप फिरतो.

तुझा,
आयुष


कर्वेनगर
१७ ऑगस्ट २०२५

चि. आयुषला जय भीम.

तुझा शुभंकर काल येऊन गेला. मुलगा चांगला आहे, पण चहा विचारला तर "चालेल" म्हणतो. हवा की नको ते सांगायला काय जातं?

तुझ्या बॅटऱ्यांचा निकाल ऐक. काळी आणि लांबडी आहे ती बाल्कनीतून पेटवली. समोरच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर कोण भांडी घासतं आहे ते स्वच्छ दिसलं. माझा स्वतःचा पाय मात्र दिसला नाही. ती तू डोंगरातच ने.

दुसरी, नारिंगी. एकदा दाबलं तर मंद, दोनदा दाबलं तर मोठी, तिसऱ्यांदा दाबलं तर लुकलुक लुकलुक सुरू. कौशल्याबाईंकडे नेऊन दाखवली तर त्या म्हणाल्या, "सिस्टर, मंडळाची आरास लागली वाटतं यंदा लवकर!" हसता हसता त्यांना दम लागला आणि मी ती झटकन बंद केली. ज्या वस्तूने पेशंटला दम लागतो ती माझ्या उपयोगाची नाही.

तिसरी, बोटाएवढी. हिच्यात काहीतरी अर्थ आहे. बटण बुडाला आणि तेही आत दबलेलं, त्यामुळे ती बुडावर उभी राहते. टेबलावर उभी केली तर उजेड छताला जाऊन सगळ्या खोलीत पसरला. दोन्ही हात मोकळे. मी डोळे मिटून सिलिंडर उघडायची रंगीत तालीम केली, मग डोळे उघडून केली. नागोराव घड्याळ धरून होते. सव्वा मिनिट! आमच्या वॉर्डात अशी एक वस्तू असती तर किती बरं झालं असतं, असं राहून राहून वाटलं.

पण हिलाही लुकलुकीचा रोग आहेच. तिन्ही परत पाठवते आहे. ही तिसरी ठीकठाक करून, नवा सेल घालून, गळ्यात अडकवायला दोरी लावून दे. आणि उशीर लावू नकोस. परवा संध्याकाळी दोनदा वीज गेली, दोन्ही वेळा जुन्या बॅटरीला चार-चार थपडा लागल्या.

तुझी आत्या,
चंद्रभागा


हिंजवडी
२२ ऑगस्ट २०२५

आत्या,

घे तुझी बोटभर टॉर्च. लुकलुक काढून टाकली, आता एकदा दाबलं की लागते आणि परत दाबलं की बंद, बाकी काही नाही. नवा सेल घातला. निळी दोरी माझ्या क्लायंबिंगच्या सामानातली आहे, तुला अख्खं उचललं तरी तुटणार नाही. शंभरदा लावून बघितली आणि मगच पॅक केली.

आता दोन सूचना, रागावू नकोस. एक, दाराजवळच्या खिळ्याला टांग आणि सारखी लावून बघू नकोस. तुझा स्वभाव मला माहितीये, दिवसातून दहा वेळा चेक करशील आणि सेल संपवशील. मी चेक केलेली आहे, विश्वास ठेव. दुसरी, ती जुनी थपडावाली आजच्या आज घराबाहेर काढ. घरात राहिली तर घाईत तुझा हात सवयीने तिच्याकडेच जाणार.

वीस सप्टेंबरला पवनेला मोठा कॅम्प आहे, वीस जण. त्याच्या तयारीत बुडालोय. एकाच बैठकीत सगळ्यांच्या टॉर्च पॅक केल्या, तुझीही त्यातच केली. शुभंकरकडे देतोय.

तुझा,
आयुष


कर्वेनगर
२७ ऑगस्ट २०२५

चि. आयुष,

बॅटरी मिळाली, खिळ्याला टांगली. जुनी आपल्या कामवाल्या बायडाबाईला दिली. ती म्हणाली, "ताई, हिला मारायचं किती?" म्हटलं, अंदाजाने.

लावून पाहिलेली नाही. ड्यूटीवर चढताना प्रत्येक वस्तू स्वतः हाताळून पाहायची, हा माझा बत्तीस वर्षांचा नियम. तो तुझ्यासाठी मोडते आहे, कारण तू तपासली आहेस. आपल्या घरात कोणीतरी इतकं नीट निवडून, विचार करून वस्तू दिली याचं मला कौतुक वाटलं. हे मी पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा जपून ठेव.

आजपासून समोरच्या चौकात स्पीकर लागले आहेत. या गदारोळात ताट ऐकू येईल का, एवढीच चिंता आहे. बाल्कनीचं दार उघडं ठेवून बसते आहे. डास फोडून खातात, पण कान दाराकडे लागलेला असतो.

आत्या


हिंजवडी
११ सप्टेंबर २०२५

आत्या, काय चाललंय तुझं?

दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. न राहवून रविवारी फोन केला तर "बरी आहे, कामात आहे" म्हणून ठेवून दिलास. तू आणि कामात? तुझा आवाज मला बरा वाटला नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, आक्काने नागपूरच्या गाडीची चौकशी केली होती. दीक्षाभूमीला तू दरवर्षी जातेसच, त्यात विशेष काही नाही. पण मग माझ्यावर राग कसला? टॉर्च आवडली नाही का? तसं सांग ना तोंडावर, दुसरी देतो.

इथे माझं कामात लक्ष नाही. वीस जणांची यादी, तंबू, दोऱ्या, सगळं डोक्यात फिरतंय आणि मध्येच तुझं "बरी आहे" आठवतं. लिही काहीतरी. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

आयुष


कर्वेनगर
१४ सप्टेंबर २०२५

चि. आयुषला आत्याचा जय भीम.

राग नाही. लाज वाटत होती म्हणून लिहिलं नाही. आता सगळं सांगते, एकदाच.

पाच तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी पावणेआठला वीज गेली. ढोलांच्या आवाजातूनही ताट ऐकू आलं. मी खिळ्यावरून बॅटरी काढली, दार ओढलं, जिन्यावर आले आणि बटण दाबलं. पेटली नाही. पुन्हा दाबलं. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. थपड मारली, आपटली. नाही म्हणजे नाहीच. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला होता, तो आणायला परत फिरायचं की तसंच उतरायचं? खाली ताट वाजतच होतं रे. मी कठड्याला धरून उतरायला लागले.

पायऱ्या मोजत होते. तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी कुंडी ठेवली आहे, ती काही माझ्या मोजणीत नव्हती. पडले ते जिन्याच्या मधल्या चौकापर्यंत गेले. डावा हात अंगाखाली आला. किती वेळ तिथे बसून होते सांगता येत नाही. पुढचे जिने मी बसून उतरले, एकेक पायरी, लहान मूल उतरतं तशी. खाली जाऊन अंधारातच चाचपून एका हाताने सिलिंडर उघडला.

नऊ मिनिटं लागली. नागोरावांनी घड्याळात पाहिलं होतं. वीज आली तेव्हा कौशल्याबाईंचे ओठ निळे होते. त्यांना दवाखान्यात हलवलं, चार दिवस ठेवलं. आता घरी आल्या आहेत, बोलतात, चकल्यांची चौकशीही करतात. मला एका शब्दाने कोणी काही बोललेलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

माझ्या डाव्या मनगटाला प्लास्टर आहे. उजवा हात शाबूत आहे, म्हणून हे लिहिता येतं आहे.

दुसऱ्या दिवशी उजेडात बसून ती बॅटरी पुन्हा दाबून पाहिली. पेटली नाही. माझ्या अंगठ्यात तेवढा जोरच उरलेला नाही, दुसरं काय? तुझ्या हातून शंभरदा पेटली होती, तूच लिहिलं होतंस. बायडाबाईला दाबायला द्यावी असं एकदा मनात आलं, पण नाही दिली. तिच्या हातात पेटली असती तर मला सहन झालं नसतं.

बत्तीस वर्षं या हातांनी माणसं धरून ठेवली, आयुष. आता या हातांना एक बटण दाबवत नाही. अशा बाईच्या भरवशावर कोणाचा श्वास ठेवू नये. मी कौशल्याबाईंच्या घराची किल्ली नागोरावांना परत केली. त्यांनी एक माणूस ठेवला आहे, तो संध्याकाळी सहाला घरी जातो. त्यानंतर काय, असं मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मीच परत करून आले.

एकोणतीस तारखेच्या गाडीने नागपूरला जाते आहे. या वेळी परतीचं तिकीट काढलेलं नाही. तुझे बाबा कधीचे म्हणतात, माझ्याकडे येऊन राहा. राहीन. इथलं घर नंतर बघू.

बॅटरी सोबत परत पाठवते आहे. तुझ्या कॅम्पमधल्या एखाद्या तरुण मुलीला दे, तिच्या उपयोगी पडेल. आणि वाईट वाटून घेऊ नकोस, तू निवडली होतीस ती चांगलीच होती.

आत्या


हिंजवडी
१७ सप्टेंबर २०२५

आत्या,

पत्र वाचून काय लिहावं सुचत नाहीये. हाताची काळजी घे. गोळ्या वेळेवर घे. शुभंकर शनिवारी फळं घेऊन येईल.

टॉर्च मिळाली. सवडीने बघतो. सध्या कॅम्पची खूप गडबड आहे.

नागपूरला बाबांना बरं वाटेल. तिकडे तुला आरामही मिळेल. तुला योग्य वाटतंय ते कर.

आयुष


हिंजवडी
२२ सप्टेंबर २०२५

आत्या,

मागचं पत्र फाडून टाक. ते खोटं होतं.

तुझं पार्सल सोळा तारखेला मिळालं. मी तिथल्या तिथे, दारात उभा राहूनच, टॉर्च हातात घेतली आणि बटण दाबलं. पेटली नाही. माझ्या अंगठ्यानेही पेटली नाही, आत्या. मग बुडाचं झाकण बोटात धरलं, तर ते सैल होतं. पाव वळसा. आवळलं आणि लख्ख उजेड पडला.

मी केलं ते. त्या दिवशी कॅम्पच्या टॉर्च ओळीने मांडून झाकणं सैल करत होतो, त्या ओळीत तुझीही होती. हात फिरला. पाठवताना आवळायला हवी होती, तुला सांगायला हवं होतं, दोन्हीही केलं नाही. वरून तुला बजावलं की लावून बघू नकोस. आणि तुझी जुनी टॉर्चही मीच घराबाहेर काढायला लावली.

हे मला सोळा तारखेला समजलं. सतरा तारखेला मी तुला "सवडीने बघतो" असं लिहिलं. भीती वाटली. कौशल्याआजींच्या निळ्या ओठांचं पुन्हा पुन्हा वाचत होतो. वाटलं, आता आत्या नागपूरला चाललीच आहे, तिकडे सुखात राहील, कशाला सांगायचं? दिवसभर हा विचार करायचो आणि रात्री कूस बदलत पडायचो. जेवण जाईना. रूममेटने पुन्हा विचारलं, घरी सगळं ओके ना.

शनिवारी पवनेला पोचलो. नेहमीसारखा ओरडलो, "झाकणं आवळा रे!" राजनंदिनी म्हणून एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. ती सगळ्यांबरोबर झाकण आवळत होती आणि हसत म्हणाली, "बरं झालं दादा सांगितलंत. नाहीतर मला वाटलं असतं मलाच लावता येत नाही." सगळे हसले. मी तंबूमागे जाऊन रडलो.

तुझ्या अंगठ्याला काही झालेलं नाही. तुझे हात तेच आहेत, पडल्यावरसुद्धा त्यातल्या एकाने अंधारात सिलिंडर उघडला. मला काय बोलायचं ते बोल, मारायचं तर मार, बाबांना सांग. पण "माझ्या हातात जोर नाही" असं समजून नागपूरला जाऊ नकोस. जायचं तर मनात आलं म्हणून जा.

टॉर्च सोबत आहे. झाकण आवळलेलं आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, आधी लावून बघ.

तुझा,
आयुष


कर्वेनगर
२५ सप्टेंबर २०२५

गाढवा,

तुझं पत्र वाचलं आणि बॅटरी दाबली. लागली. बंद केली. पुन्हा दाबली, लागली. उजव्या अंगठ्याने, मग प्लास्टरमधून बाहेर आलेल्या डाव्या अंगठ्याने. मग झाकण पाव वळसा सैल करून दाबली, नाही लागली. आवळली, लागली. भरदुपारी अकरा वेळा बॅटरी लावत बसले होते आणि ढसाढसा रडत होते. बायडाबाई धावत आली आणि म्हणाली, "ताई, कोण गेलं?" म्हटलं, कोणी नाही गं, मी परत आले.

आता शिव्या. नऊ मिनिटं, आयुष. त्या बाईचा जीव नऊ मिनिटं तुझ्या सवयीत अडकला होता. ती वाचली म्हणून आपण हे बोलतो आहोत. हे विसरायचं नाही, कॅम्पवर ओरडताना तर मुळीच नाही. आणि तू जे दिवस गप्प बसलास, त्यांचा मला जास्त राग आहे. हाताचं हाड जुळेल, पण त्या दिवसांत मी घरातली भांडी कोणाला द्यायची हे ठरवत होते.

माझंही चुकलंच. तुझ्या पहिल्या पत्रात ते झाकणाचं सगळं लिहिलेलं होतं, मी दोनदा वाचलं होतं. तरी मला आठवलं नाही, कारण मला माझ्या अंगठ्यावरच संशय घ्यायचा होता. वय झालं की माणूस वाटच बघत असतं रे, कधी एकदा काहीतरी हातातून सुटतं आणि आपण म्हणतो, झालं, संपलं. आणि वस्तू न तपासता खिळ्याला टांगली, ही चूक तर कोणत्याही प्रोबेशनर नर्सला मी माफ केली नसती. तेव्हा शिक्षा दोघांनाही.

बॅटरीच्या झाकणावर आणि अंगावर मी लाल नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली आहे. रेघेला रेघ जुळली की झाकण घट्ट. आता ती रोज सकाळी चहाच्या आधी लावून बघायची. सेल संपला तर नवा आणायचा, कोपऱ्यावर मिळतो.

काल किल्ली परत मागायला खाली गेले. झालं ते सगळं सांगितलं, तुझ्या नावासकट. कौशल्याबाई म्हणाल्या, "पोराला चकल्या देणं बंद." मग म्हणाल्या, "दोन दिवस." आणि किल्ली उशीखालून काढून दिली. टांगली नव्हती कुठे, उशीखालीच ठेवली होती.

नागपूरला मी जाणार. दीक्षाभूमी चुकवायची नाही. पण सहा तारखेचं परतीचं तिकीट आजच काढलं.

आता तुझी शिक्षा. मी नाही ते आठ दिवस तू माझ्या घरात राहायचं. वर्क फ्रॉम होम की काय ते कर. बाल्कनीचं दार उघडं ठेवायचं, कानात ती गाण्याची बुचं घालायची नाहीत. ताट वाजलं की खाली जायचं. रविवारी सकाळी नऊला ये, सिलिंडर शिकवते, नागोराव घड्याळ धरतील. तीन मिनिटांच्या आत जमेपर्यंत जेवण मिळणार नाही.

तुझी आत्या,
चंद्रभागा


कर्वेनगर
३ ऑक्टोबर २०२५

आत्या, नागपूरकर सर्वांना जय भीम.

ताट काल वाजलं. संध्याकाळी सहा चाळीसला. चार दिवस मी त्याचीच वाट बघत होतो. फ्रिज गुरगुरला तरी उठत होतो, कामाच्या मीटिंगमध्ये बोलता बोलता बाल्कनीत जाऊन येत होतो. मॅनेजरने दोनदा विचारलं, नेटवर्क प्रॉब्लेम आहे का. आता कळलं तू दोन वर्षं कशी जगलीस ते.

वाजलं तसा धावलो. खिळ्यावरून टॉर्च घेतली, रेघेला रेघ बघितली, दाबली. लागली. छत्तीस पायऱ्या मोजल्या. कुंडी मी सोमवारीच उचलून तिच्या मालकाच्या दारात ठेवली आहे, तरी तिथे पाय आपोआप थबकला. खाली टॉर्च टेबलावर उभी केली, सिलिंडरची किल्ली फिरवली, नळी जोडली, ऑक्सिजनचा फ्लो दोनवर ठेवला.

कौशल्याआजींनी दोन खोल श्वास घेतले आणि माझ्याकडे बघितलं. मी आजोबांना विचारलं, "किती?" ते म्हणाले, "दोन मिनिटं दहा सेकंद."

आजी म्हणाल्या, "सिस्टर यापेक्षा लवकर येतात." मग चकल्यांचा डबा पुढे केला.

वर आल्यावर झाकण सैल करायला हात आपोआप गेला. थांबवला. रेघ बघितली आणि खिळ्याला टांगली. सकाळी चहाच्या आधी लावून बघितली. लागली.

सहा तारखेला स्टेशनवर येतो.

तुझा,
आयुष